डायरेक्ट केलेली वायर

ती वायर मी डायरेक्ट केली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण हे घडलं त्या वर्षी ही हकिगत मी चारचौघांत बऱ्याचदा सांगितली आणि दर वेळी तिच्यात वायर उंदराने कुरतडलेली असायची. उंदीर नव्हता. हात माझे होते, पक्कड माझी होती आणि काळी टेपही माझीच. त्या वायरीमुळे जे झालं त्याचा दोष मी एका सज्जन माणसाच्या उजव्या पायावर टाकला.

लोणावळ्यात बाजाराच्या मागल्या बाजूला माझं गॅरेज होतं. घाटमाथ्यावरच्या गॅरेजचा निम्मा धंदा गरम इंजिनांचा असतो. खालून घाट चढून आलेली गाडी खंडाळ्याला चहासाठी थांबते, आणि चहा संपला की सुरू होत नाही. आमच्याकडे याला ठरलेलं औषध होतं. उष्णतेने नळीतलं पेट्रोल उकळतं, बुडबुडे धरतात, पंपाला ओढता येत नाही. मग गोणपाट भिजवायचं, पंपावर आणि नळीवर टाकायचं, एक विडी ओढायची आणि चावी फिरवायची. गाडी लागायची. शेकडो गाड्या मी अशा लावल्या असतील. त्या ओल्या गोणपाटावर माझा इतका विश्वास होता, की गाडी पाण्याने लागली की नुसत्या थांबण्याने, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

पवनेचं धरण भरू लागलं त्या सुमाराला एका डॉक्टरीणबाईंची गाडी माझ्याकडे येऊ लागली. बाई लोणावळ्यातच दवाखाना चालवत आणि आठवड्यातून एकदा कामशेतवरून आत पवनेच्या बाजूला, डोंगरातल्या वाड्यांवर औषधं घेऊन जात. गाडी जर्मन होती, तेव्हाच दहा-बारा वर्षांची झालेली. त्यांच्या यजमानांनी तिकडे नोकरी केली होती आणि परतताना ती बोटीने आणली होती. यजमान गेले, गाडी राहिली.

पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा एखाद्याच्या घरात शिरून देव्हारा शोधावा तसा मी कार्बोरेटर शोधत राहिलो. तो नव्हताच. त्याच्या जागी एक जाडजूड पंप आणि त्यातून निघालेल्या बारीक पोलादी नळ्या होत्या, हाताच्या शिरांसारख्या, प्रत्येक सिलिंडरकडे वेगळी. आमच्या गाड्यांत इंजिन हवेबरोबर पेट्रोल ओढून घेतं, पातेल्यातून पळीने वाढावं तसं, कमीजास्त. इथे प्रत्येकाला त्याच्या वाट्याचं मोजून, दाबाने आणि नेमक्या क्षणी मिळत होतं. बाईंना यजमानांनी सगळं समजावलेलं होतं. त्यांनी पंपावरच्या एका डबीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, की हवा विरळ झाली की ही डबी पेट्रोल आपोआप कमी करते.

मी विचारलं, "म्हणजे घाट चढतोय हे गाडीला कळतं?"

"कळतं म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आपल्याला कान बंद झाल्यावर कळतं, तिला आधी."

त्या दिवशी मी दुसरं काम घेतलं नाही. इंजिन चालू ठेवून नुसता शेजारी उभा राहिलो. वयाची पस्तिशी उलटलेला माणूस, हाताला ग्रीस, आणि देवळात आल्यासारखा गप्प.

गाडी चालवायला परंदवडीचे एक गृहस्थ होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणत असे, ते मला मिस्त्री म्हणत. लष्कराच्या ट्रकवर हात बसलेला माणूस. रोज सकाळी घोरावाडी स्टेशनवर आगगाडी धरून लोणावळ्याला यायचे. त्यांच्या घराने छप्पन साली धर्म बदलला होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, तोंडात तंबाखू नाही. वाडीच्या रस्त्याला, जिथे बैलगाडीही कण्हते, तिथून ते ती जर्मन गाडी अशी काढत की मागे बसलेल्या बाईंच्या मांडीवरच्या बाटल्या वाजत नसत. हे मी स्वतः शेजारी बसून पाहिलं आहे. त्यांची नजर रस्त्याच्या पुढे चालायची आणि हात रस्त्याबरोबर.

एका जानेवारीत गाडी सकाळची लागेना. लोणावळ्याची थंडी, बॉनेटवर दव. मी शोधत गेलो तेव्हा कळलं, की या इंजिनाला थंडीसाठी एक वेगळी छोटी तोटी आहे. स्टार्टर मारताना ती इंजिनात पेट्रोलची एक जादा फवारणी करते, थंडीत अंगात ऊब यावी म्हणून दिलेल्या गरम घोटासारखी. पण तो घोट फक्त थंड इंजिनालाच मिळायला हवा. म्हणून पाण्याच्या वाटेत एक कळ बसवलेली होती. पाणी गार असलं तर ती वीज जाऊ देई, तापलं की तोडून टाकी. ती कळ बिघडली होती. नवी मिळणार जर्मनीत.

मग मी जे आमच्या भागातला कोणताही मिस्त्री करेल तेच केलं. मधली बिघडलेली वस्तू काढून दोन्ही टोकं जोडली की त्याला आम्ही डायरेक्ट करणं म्हणतो. हॉर्न डायरेक्ट, पंखा डायरेक्ट, दिवा डायरेक्ट. निम्म्या गाड्या अशाच चालायच्या आणि ज्याच्या हातून जास्त गाड्या डायरेक्ट झाल्या तो हुशार मिस्त्री. मी कळेच्या दोन वायरी एकमेकींना पिळल्या, टेप गुंडाळली. पहिल्याच फिरकीला इंजिन लागलं. बाई म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे. मी तो गुण दोन दिवस बाजारात मिरवला.

त्या थंडीत बाईंचे सांधे धरले होते, त्यामुळे वाड्यांवरची फेरी बंद होती. गाडी सकाळी एकदा दवाखान्यात जायची आणि संध्याकाळी थंड झालेली परत यायची. फाल्गुनात फेरी सुरू झाली आणि त्रासही सुरू झाला. वाडीवर दहा-पंधरा मिनिटं थांबलं की गाडी सुरू होईना. पूर्ण गार झाली तर लागायची, पळत असताना बंद करून लगेच मारली तर कधी लागायची, कधी नाही. आत्ताच सुई घेतलेले रोगी दंड चोळत गाडीला धक्का मारत. डोंगरातले म्हातारे बाईंना म्हणत, "बाई, आमाला कशाला टोचता, एक सुई हिलाच द्या की."

गाडी माझ्याकडे आली. मी इंजिनावर हात ठेवला, गरम होतं, आणि शोध तिथेच संपवला. गोणपाट भिजवलं, टाकलं, विडी ओढली, चावी फिरवली. लागली. मी भाऊंना सांगितलं की डिकीत एक गोणपाट आणि पाण्याचा डबा ठेवत जा. आज कळतं, की ती विडीपुरत्या वेळाने लागत होती. इंजिनात जास्त झालेलं पेट्रोल तेवढ्या वेळात उडून जात होतं. मी त्या गाडीला तहान लागली म्हणत होतो आणि ती बुडत होती.

उन्हाळा चढला तसं गोणपाट पुरेना. बाई एक दिवस स्वतः गॅरेजवर आल्या, जरा चिडलेल्या. भाऊ बरोबर होते. चार-पाच माणसं नेहमीसारखी बाकावर होती. मी म्हटलं, दाखवा कशी लागत नाही ते. भाऊंनी पाय न लावता स्टार्टर मारला. इंजिन नुसतं फिरत राहिलं. मग त्यांनी अॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला आणि पुन्हा मारला. इंजिन खोकत लागलं, मागून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. ते कुठून येतंय हे मी विचारायला हवं होतं. पण उत्तर समोर होतं, पेडलवर ठेवलेल्या बुटात.

मी म्हटलं, "बाई, हा पाय बघितलात? ही गाडी नाजूक आहे. असा बैल दामटल्यासारखा पाय दिला तर ती बुडणारच."

भाऊ खाली उतरले. माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाले, "पाय मी लावतो, बाई. पन ती लागत न्हाई म्हनून लावतो. मी लावतो म्हनून लागत न्हाई, असं न्हाई."

"ड्रायव्हर लोकांचं हे नेहमीचंच," मी म्हणालो आणि हसलो. बाकावरचे हसले. त्यातल्या एकाने विचारलं, "पायात काय शिसं भरलंय का भाऊ?"

त्या क्षणी मला ती वायर आठवली नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं असं आहे, की मनाच्या कडेला काहीतरी हललं आणि मी तिकडे पाहिलं नाही. आणखी एक खरं सांगायचं आहे, ते जास्त जड आहे. तोच पाय बाजारातल्या एखाद्या शेठच्या भाच्याचा असता तर मी इतक्या चटकन बोललो नसतो. हा माणूस उलटून भांडणार नाही आणि भांडला तरी त्या बाकावरचं कोणी त्याच्या बाजूने उठणार नाही, एवढा हिशेब माझ्या जिभेने माझ्या आधी केला होता.

बाईंनी भाऊंना पाय लावायला मनाई केली आणि तसा शब्द घेतला. भाऊंनी महिनाभर तो पाळला असेल. ऊन वाढत होतं, गाडी वाडीवाडीवर अडत होती. एका वाडीवर, माणसं जमलेली, बाई पाण्याचा घोट घ्यायला एका घराच्या सावलीत गेलेल्या, तेव्हा भाऊंनी पेडल दाबून गाडी लावली. बाईंनी धूर पाहिला. लोणावळ्याला आल्यावर त्या म्हणाल्या, की गाडीचं मला काही वाटत नाही, शब्द दिल्यावर मोडलात याचं वाटतं. भाऊंनी चावी टेबलावर ठेवली आणि स्टेशनवर गेले. त्यांची ती नोकरी गेली ती गेलीच.

नवा माणूस मिळेपर्यंत फेरीला गाडी मी नेतो म्हणालो. माझ्या पायाने सगळं ठीक होणार याची मला खात्री होती. दुसऱ्याच वाडीवर, डोंगराच्या अगदी कुशीत, गाडी अडली. मी पाय लावला नव्हता. चावी फिरवत राहिलो. बाई मागच्या सीटवर बसून घड्याळ पाहत होत्या. ते मला आरशात दिसत होतं.

शेवटी मी बॉनेट उघडलं आणि पहिल्या दिवशी जे करायला हवं होतं ते केलं. प्लग काढून पाहिला. पेट्रोल उकळून आटलं असेल तर प्लग कोरडा निघतो. हा ओला निघाला, टपकत होता. दुसरा काढला, तोही तसाच. सगळे ओले. म्हणजे पेट्रोल कमी नव्हतं, लोंढाच येत होता. आणि पंप मोजून देतो हे मला माहीत होतं. मग न मोजता कोण देतंय?

तेव्हा मी त्या कडेला हललेल्या गोष्टीकडे पाहिलं.

कॉइलची वायर काढून ठेवली, ठिणगी उडायला नको म्हणून. माणसांना मागे सरायला सांगितलं. एका आबांच्या हातातली विडी मी अक्षरशः विझवली आणि त्यांनी मला शिवी दिली. ती छोटी तोटी दोन स्क्रू काढून बाहेर घेतली. बाईंकडे औषधाची रुंद तोंडाची रिकामी काचेची बरणी होती, तिच्या तोंडात तोटी धरली आणि बाईंना म्हटलं, पुढे बसून चावी फिरवा.

इंजिन तव्यासारखं तापलेलं होतं. माझ्या मनगटाला चटका बसत होता. या तोटीने आता गप्प राहायला हवं होतं. बाईंनी चावी फिरवली आणि बरणीत धुकं उभं राहिलं.

मी त्यापूर्वी आणि त्यानंतरही यंत्रातून निघालेली इतकी सुंदर वस्तू पाहिलेली नाही. थेंब असा दिसतच नव्हता. बारीक शंकूसारखी फवारणी, सगळीकडे सारखी, काचेच्या आत गोल फिरत होती, आणि डोंगरावरून येणाऱ्या उन्हात तिच्यात इंद्रधनुष्याची एक चिंधी लकाकली. कोणी दूर देशी, कधीतरी, थंड सकाळी कुडकुडणाऱ्या एका इंजिनाचा विचार करून केसाहून बारीक भोक पाडलं होतं, आणि ते भोक इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, पवनेच्या डोंगरात अजून नेमकं तेच काम करत होतं. तोटीचा काही दोष नव्हता. तिला कोणीतरी सांगून ठेवलं होतं की सदानकदा सकाळच आहे, भर उन्हातसुद्धा.

वाडीतल्या बायका पुढे आल्या होत्या. आबा राग विसरून म्हणाले, "आयला, काचेत धुई धरली की." बाई गाडीतून उतरून आल्या, वाकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "किती सुरेख आहे हे."

माझ्या हातात ती बरणी होती आणि डोळ्यांसमोर, दोन बोटांच्या अंतरावर, माझी काळी टेप. मी एकाच वेळी इतका थक्क आणि इतका नागडा कधी झालो नव्हतो.

टेप सोडली, वायर वेगळी केली, प्लग पुसून उन्हात वाळवले, तोटी बसवली. गरम इंजिन पहिल्याच फिरकीला लागलं. नुसतं बोट लावल्यासारखं. बाईंचा चेहरा उजळला आणि मग त्यांनी तोच प्रश्न विचारला ज्याची मी वाट पाहत होतो.

"मग त्यांच्या पायाचं काय?"

मी म्हणालो, "पायाचंही होतंच थोडं. आणि वायर उंदराने खाल्ली होती."

दोन वाक्यं. पुढे गॅरेजमध्ये मी डॅशबोर्डखाली त्या तोटीसाठी एक बटण बसवून दिलं, थंडीत सकाळी तेवढं दाबायचं. सगळं नीट चाललं. बाई येईल त्याला सांगत, की आमच्या मिस्त्रींनी वाडीवर उभ्या उभ्या रोग शोधला. मी मान खाली घालत असे आणि लोकांना तो विनय वाटत असे.

पण मी मारलेला शेरा माझ्याहून चपळ निघाला. बाजारात, ट्रकवाल्यांत, टॅक्सी स्टँडवर भाऊंचं नाव 'शिसेपाय' पडलं होतं. दोन ठिकाणी त्यांना गाडीवर घेतलं नाही हे मला बाकावरच्यांनीच हसत सांगितलं. ज्या माणसाचं सगळं कसब त्या पायात होतं, त्याच्या पायालाच मी नाव ठेवून दिलं होतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकदा तळेगावच्या बाजारात ते दिसले, पाठीवर कांद्याचं पोतं, कपडे मळलेले. मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी पोतं खाली ठेवलं, घाम पुसला आणि विचारलं, "बरं हाय न्हवं, मिस्त्री? बाईंची गाडी लागती का आता?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच त्या गाडीची काळजी होती. मी हो म्हणालो आणि पळालो.

त्यानंतर मला गॅरेजमध्ये स्टार्टरचा आवाज ऐकवेना. एका सकाळी घोरावाडीला उतरलो आणि चालत परंदवडीला गेलो. भाऊ भाताच्या खाचराचा बांध घालत होते. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं, जानेवारीपासून, वायर, टेप, काळा धूर, बरणी, उंदीर. ते ऐकत होते आणि हाताने ढेकळं बसवत होते. मी थांबलो तरी त्यांचं काम थांबलं नाही. मग ते म्हणाले:

"हे मला कशापायी सांगता? माझा पाय कसा हाय ते मला म्हाईत हाय. मला हितं बांदावर सांगून तुमचं मन हलकं व्हईल, माझं काय व्हईल? ज्या मान्सांम्होरं बोललात तितं बोला."

मी म्हटलं, बोलतो.

"कवा?"

त्यांनी कळशीतल्या पाण्याने हात धुतले, घरात गेले आणि पांढरा शर्ट घालून आले. आम्ही एकाच डब्यात, समोरासमोर बसून लोणावळ्याला आलो. मी त्यांच्याकडे पाहत होतो. इतका अन्याय अंगावर घेऊन इतकं सरळ कसं बसता येतं, याचं मला भय वाटावं इतकं नवल वाटत होतं.

आधी मी गॅरेजच्या बाकावरच्यांना उठवलं आणि दवाखान्यात चला म्हटलं. त्यांना वाटलं काही अपघात झाला. दवाखान्यात रोग्यांची गर्दी होती. बाई एका पोराचा घसा पाहत होत्या. भाऊ दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. बाईंनी त्यांना पाहिलं, मला पाहिलं, आणि हातातला चमचा खाली ठेवला.

मी भिंतीला हात टेकून बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाई, तुमच्या गाडीची वायर उंदराने खाल्ली नव्हती. जानेवारीत मीच ती डायरेक्ट केली होती. गाडी त्यामुळे बुडत होती. भाऊ पाय लावत होते म्हणून ती निदान लागत तरी होती. मला ते वाडीवर कळलं आणि तरी मी तुमच्याशी खोटं बोललो. यांच्या पायाला नाव मी ठेवलं, या सगळ्यांना हसायला मी लावलं. यांनी तुमच्याशी बेइमानी केली नव्हती, मी केली." मग मी दाराकडे वळलो. "भाऊ, मी तुमची भाकरी घालवली आणि तुमची अब्रूही. माझी चूक झाली. मला माफ करा."